कॉट सोलकर

पुण्यातून बोलतोय. आजचा भाग एका खेळाडूवर आहे, पण खरं सांगायचं तर एका जागेवर आहे. क्रिकेटच्या मैदानावरची जागा. फलंदाजापासून तीन-चार पावलांवर, लेग बाजूला, गुडघे वाकवून, जवळजवळ उकिडवं बसल्यासारखं उभं राहायचं. फॉरवर्ड शॉर्ट लेग.

तुमच्यापैकी ज्यांनी सोसायटीच्या किंवा शाळेच्या मैदानावर सीझनच्या चेंडूने खेळलंय त्यांना ठाऊक असेल, या जागेवर कोण उभं राहतं. संघात जो सगळ्यात लहान असतो, किंवा नवीन असतो, किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही, तो. मी तिन्ही होतो. पहिल्याच षटकात एक स्वीप माझ्या नडगीवर बसला, आणि त्या दिवसापासून मला कळलं की या जागेवर माणसाची पहिली इच्छा चेंडू पकडण्याची नसते, वळून पाठ करण्याची असते. शरीर आपोआप वळतं. त्याला वळू न देणं, हाच या जागेचा सगळा खेळ.

आणि ज्या माणसाचं शरीर कधी वळलं नाही तो म्हणजे एकनाथ धोंडू सोलकर. एक्की.

बेसबॉलमध्ये आतल्या वर्तुळात उभं राहून चेंडू अडवणाऱ्याला फार मान असतो. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी 1957 पासून तिथे 'गोल्ड ग्लोव्ह' नावाचा पुरस्कार देतात. ओझी स्मिथ नावाच्या खेळाडूने तो 1980 ते 1992 अशी सलग 13 वर्षं मिळवला आणि मुख्यतः हातांच्या जोरावर 2002 मध्ये त्यांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. त्यांच्या नोंदवहीत क्षेत्ररक्षकाचा स्वतंत्र हिशेब असतो. किती बळींना हात लावला, किती चुका केल्या, सगळं. आपल्या क्रिकेटच्या स्कोअरबुकात काय असतं? 'झे. सोलकर, गो. चंद्रशेखर.' बळी चंद्राच्या खात्यात. सोलकरच्या नावाला एक 'झे.' जोडलेला. सुटलेल्या झेलाची तर नोंदच नाही. म्हणजे दुसऱ्या कुणी जो झेल सोडला असता तो सोलकरने घेतला, हे वही कधीच सांगत नाही.

म्हणूनच ही गोष्ट सांगायला आकडे पुरत नाहीत. तरी आकड्यांपासूनच सुरुवात करतो, कारण त्यात एक गंमत आहे. 27 कसोटी. 1068 धावा, सरासरी 25.42. बळी 18, आणि एकेक बळी जवळजवळ 60 धावांना पडलेला. एवढंच वाचलं तर तुम्ही म्हणाल, बरा होता, काढला असेल संघातून. पण झेल 53! 27 कसोटींत 53, म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन. आता हे शेजारी ठेवून बघा. ऑस्ट्रेलियाचा बॉब सिम्प्सन, स्लिपमधला दादा माणूस, 62 कसोटींत 110. मागे पौणेदोन. आपला राहुल द्रविड, 164 कसोटींत 210. म्हणजे सव्वाच्या जरा वर. आणि ही दोघं स्लिपची माणसं. स्लिपला चेंडू दिसायला निदान क्षणभर मिळतो. सोलकरला तेवढाही मिळत नव्हता.

आता थोडं मागे जाऊ, आणि पुण्यातूनच जाऊ. या कहाणीचा एक धागा आपल्या कॅम्पातल्या मैदानातून निघतो.

1892 च्या सुमाराला पूना क्लबच्या इंग्रजांच्या मैदानावर एक पोरगा कामाला लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, जमलं तर साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. पळवणकर बाळू. डावखुरा फिरकी गोलंदाज. साहेब त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत, पण त्याच्या हातात बॅट कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय साहेबांना हरवता येणार नव्हतं. मैदानावर सगळे त्याच्या चेंडूला हात लावत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. पुढे तो मुंबईला गेला, हिंदू संघाकडून खेळला आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने शंभराहून जास्त बळी घेतले.

बाळूवर एक पूर्ण भाग करायचाय, तेव्हा इथेच थांबतो. मला त्याच्यातलं एकच हवं होतं: खेळपट्टीची निगा राखणाऱ्याला खेळपट्टी कळते. कुठे ओल राहते, कुठे भेग पडते, चेंडू कुठून उसळेल. हे त्याला पुस्तकातून नाही, रोलरच्या दांड्यातून कळतं.

मुंबईत मरीन ड्राइव्हला पी. जे. हिंदू जिमखाना आहे. बाळू ज्या हिंदूंकडून खेळला त्यांचीच ही संस्था. बाळूच्या नंतर पन्नासेक वर्षांनी याच जिमखान्याच्या मैदानावर धोंडू सोलकर नावाचे माळी होते. जिमखान्याच्या आवारातच एका खोलीची झोपडी, तिच्यात सगळं कुटुंब. तिथे 18 मार्च 1948 ला जन्मलेला एकनाथ वाढला. बाळूची आणि एकनाथची अडचण एक नव्हती, हे स्पष्ट सांगतो. बाळूच्या वाटेत जात होती. एकनाथच्या वाटेत गरिबी होती. पण मैदानाची देखभाल करणाऱ्याचं घर मैदानाच्या कडेला असतं आणि मैदान मात्र त्याचं नसतं, हे दोन्हीकडे सारखं.

पोरगा मैदानावरच असायचा. जाळीत मोठ्यांना चेंडू टाकायचा, एखादा खेळाडू आला नाही तर बदली म्हणून क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा, आणि सामने असले की धावफलकावर आकडे लावायचा. हे धावफलकाचं मला फार आवडतं. लाकडी पाट्या, पत्र्याचे आकडे, खिळ्यावर अडकवायचे. धावा, बळी, शेवटच्या गड्याच्या धावा. यात क्षेत्ररक्षकासाठी एकही खिळा नसतो. ज्या गोष्टीसाठी जग पुढे त्याला ओळखणार होतं, तिला त्याच्या हातातल्या फळ्यावर जागाच नव्हती.

शाळेच्या क्रिकेटमधून तो वर आला, भारतीय शालेय संघाचा कर्णधार झाला. त्या संघात सुनील गावसकर होता, मोहिंदर अमरनाथ होता. आणि कर्णधार कोण, तर माळ्याचा मुलगा.

मग मुंबईचा रणजी संघ. तो काळ म्हणजे मुंबई 1958-59 पासून ओळीने 15 वर्षं रणजी करंडक जिंकत होती, आणि त्या संघात शिरणं भारताच्या संघात शिरण्याएवढंच अवघड होतं. 1968-69 च्या हंगामाचा अंतिम सामना, बंगालविरुद्ध. सामना चालू असतानाच एकनाथचे वडील गेले. त्याने वडिलांना अग्नी दिला आणि सामना संपवायला मैदानावर परत आला. मुंबई जिंकली.

ही हकीकत नेहमी 'बघा कशी निष्ठा' म्हणून सांगितली जाते. असेलही निष्ठा. पण मला वाटतं तिच्यात दुसरंही काही आहे. ज्याच्या वडिलांचं सगळं आयुष्य मैदानावर पाणी मारण्यात आणि रोलर ओढण्यात गेलं, त्याने वडिलांचा शोक करायला दुसरीकडे कुठे जायचं? हे माझं मत झालं.

1969 च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्याची पहिली कसोटी झाली. आणि दीड वर्षात ते 1971 साल आलं.

1971 बद्दल आपल्याकडे गावसकरच्या 774 धावा सांगतात, सरदेसाई सांगतात, वाडेकरचं कर्णधारपद सांगतात. सगळं खरं. पण वेस्ट इंडीजमधली पहिली कसोटी, किंग्स्टन, जरा आठवा. गावसकर त्या कसोटीत नव्हताच. भारत 5 बाद 75. इथून दिलीप सरदेसाईंनी 212 केल्या, आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याबरोबर 137 धावांची भागीदारी करणारा 61 धावांचा गडी सोलकर. पुढच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं. त्या सामन्यात सोलकरच्या 55 धावा आणि सहा झेल. सहा! यष्टिरक्षक नव्हे, साध्या उघड्या हातांचे सहा.

उघड्या हातांवरून आठवलं, डोकंही उघडंच. हेल्मेट आलं ते पॅकरच्या सामन्यांच्या वेळी, 1977-78 च्या आसपास. तोवर सोलकरची कसोटी कारकीर्द संपली होती. आज शॉर्ट लेगवाल्याला हेल्मेट असतं, नडगीला गार्ड असतं. त्याच्याशिवाय तिथे उभं राहणं म्हणजे काय, हे समजायला 1998 ची एक गोष्ट सांगावी लागते. आपला रमण लांबा ढाक्यात एका क्लबच्या सामन्यात हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा राहिला, चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. सोलकर रोज तिथे उभा राहायचा. समोर क्लाइव्ह लॉइडसारखी माणसं बॅट फिरवत असताना.

तो तिथे करायचा काय? हे जरा नीट सांगतो, कारण 'चपळ होता' एवढं म्हणून भागत नाही.

आपले चार फिरकी गोलंदाज, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. चौघांचे मिळून कसोटीत 853 बळी. फिरकीचा चेंडू पुढे येऊन खेळताना बॅट आणि पॅड शेजारी शेजारी येतात. चेंडू बॅटची आतली कड घेऊन पॅडवर आपटतो आणि हवेत एखादा फूट उडतो. फलंदाज नशीब समजतो, कारण तिथे कुणी नसतं. पण तिथे सोलकर असला तर? मग फलंदाजाला दर चेंडूला विचार करावा लागतो. पुढे यावं तर बॅट-पॅड. मागे राहावं तर चंद्राचा चेंडू फिरकीवाल्याला न शोभणाऱ्या वेगाने येऊन पायचीत करतो. फलंदाज नरम हातांनी खेळणं सोडतो, ताठ होतो, आणि मग चूक दुसरीकडेच कुठेतरी होते. स्लिपला वाडेकर, गलीला वेंकट, लेग स्लिपला आबिद अली, आणि पुढ्यात सोलकर. बळी वाडेकरच्या हातात गेला तरी त्यात सोलकरच्या उभं राहण्याचा वाटा असतोच. त्याला तर स्कोअरबुकात 'झे.'सुद्धा मिळत नाही.

दुसरी गोष्ट वाकण्याची. नवखा शॉर्ट लेगवाला काय करतो, चेंडू टाकला की उठतो. उठणं सोपं असतं, वाकणं अवघड. चेंडू खाली असला की संपलं. सोलकर शेवटपर्यंत खाली राहायचा. त्याला पुढे झेपावता यायचं ते त्यामुळेच.

आणि पुढे झेपावण्याबद्दल बोलायचं तर ओव्हल आलंच. ऑगस्ट 1971. मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटी अनिर्णित. लॉर्ड्सला सोलकरने 67 केल्या होत्या. ओव्हलला इंग्लंडच्या पहिल्या डावात 355. त्यात ॲलन नॉटच्या 90. सोलकरने आपल्या मध्यमगती गोलंदाजीवर 28 धावांत तीन बळी काढले, हे फार जणांना माहीतच नसतं. मग आपल्या डावात 44 केल्या, फारुख इंजिनिअरबरोबर डाव सावरला. तरी आपण 71 धावांनी मागेच.

23 ऑगस्टला इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झाला आणि चंद्रा सुटला. एड्रिच त्रिफळाचीत, शून्य. लगेच कीथ फ्लेचर, झे. सोलकर, गो. चंद्रशेखर, शून्य. पण खरा काटा नॉट होता. पहिल्या डावात 90, लॉर्ड्सला 67, आपल्याविरुद्ध हमखास उभा राहणारा. वेंकटचा चेंडू. नॉट पुढे आला, चेंडू बॅट-पॅड होऊन अगदी खाली, जमिनीच्या जवळ पडायला निघाला. सोलकर पुढे झेपावला, पूर्ण आडवा, आणि चेंडू जमिनीला टेकायच्या आत हात खाली घातला. त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. बघितला नसेल तर जरूर शोधा. माणूस जमिनीला समांतर पसरलेला आहे. नॉट 1. इंग्लंड सर्वबाद 101. चंद्राचे 38 धावांत 6 बळी.

दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. भारताला 173 हव्या होत्या. ओव्हलवर आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली होती. इकडे पुण्यात घरोघरी गणपती बसलेले. आमच्या आजोबांकडून ऐकलंय, संध्याकाळच्या आरतीला आमच्या वाड्यात अर्धे पुरुष हजर नव्हते, रेडिओभोवती होते, आणि आबिद अलीने चौकार मारल्यावर टाळ पुन्हा सुरुवातीपासून वाजले. आजोबा रंगवून सांगायचे, त्यामुळे यातलं किती धरायचं ते तुम्ही ठरवा. इंग्लंडमध्ये भारताचा तो पहिला कसोटी विजय, आणि पहिला मालिका विजयही.

1972-73 मध्ये इंग्लंडचा संघ इकडे आला. पाच कसोटी, चंद्राचे 35 बळी. सोलकरचे 12 झेल. मालिका आपण 2-1 जिंकलो. माझ्या मते हाच त्याचा खरा शिखरकाळ, ओव्हलपेक्षाही. ओव्हल एक झेल होता, ही सवय होती.

मग उतार सुरू झाला. 1974 चा इंग्लंड दौरा. आपण तिन्ही कसोटी हरलो. जेफ्री बॉयकॉट सोलकरच्या साध्यासुध्या गोलंदाजीवर पुन्हा पुन्हा बाद होत होता, हे एक समाधान. बॉयकॉट त्या मालिकेत एकच कसोटी खेळला आणि पुढे तीन वर्षं इंग्लंडकडून खेळलाच नाही. कारणं बरीच सांगतात, पण सोलकरचं नाव त्यातून कुणी वगळत नाही. आणि लॉर्ड्सला आपण 42 धावांत सर्वबाद झालो ना, जो आकडा ऐकला की अजून मान खाली जाते, त्या 42 मधल्या 18 सोलकरच्या. नाबाद. दुसऱ्या कुणालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत.

1975 च्या जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी झाली. ज्या जिमखान्यावर तो वाढला तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. वेस्ट इंडीजकडून लॉइडने नाबाद 242 केल्या. आपण तो सामना हरलो. पण सोलकरचं एकमेव कसोटी शतक त्यातलंच, 102.

आणि 1977 च्या जानेवारीत कोलकात्याला इंग्लंडविरुद्ध शेवटची कसोटी. वय 28.

28 म्हणजे काय वय आहे का? आता निवड समितीच्या बाजूने बघायचं तर धावा येत नव्हत्या, बळी येत नव्हते, आणि 'फक्त क्षेत्ररक्षणासाठी जागा द्यायची का' हा प्रश्न पूर्वीपासून विचारला जात होता. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण तो प्रश्नच मला चुकीचा वाटतो. यष्टिरक्षकाबद्दल आपण कधी विचारतो का, 'फक्त झेलांसाठी जागा द्यायची का'? त्याच्या हातात ग्लोव्ह असतात म्हणून ते काम दिसतं. शॉर्ट लेगला ग्लोव्ह नसतात म्हणून ते काम कुणी धरत नाही. ज्या संघाची सगळी मदार फिरकीवर, तिथे ही जागा म्हणजे अर्धा गोलंदाजच. हे तेव्हा चंद्रा-बेदी-प्रसन्नाला पक्कं ठाऊक होतं. फळ्याला ठाऊक नव्हतं.

त्याच्यानंतरही आपल्याकडे शॉर्ट लेगला चांगली माणसं आली, हेल्मेट घालून. पण आजही कसोटीत नवा पोरगा संघात आला की कर्णधार त्याला तिकडे बोट दाखवतो, जा, उभा राहा. म्हणजे सोसायटीच्या मैदानावर मला पाठवलं होतं तसंच. शिक्षा समजून.

26 जून 2005 ला मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने एकनाथ सोलकर गेला. वय 57.

आता तुम्ही जुनं स्कोअरकार्ड कधी उघडलंत तर एक करा. 1971 चं ओव्हल घ्या, इंग्लंडचा दुसरा डाव. बळींची नावं डावीकडे असतात, गोलंदाज उजवीकडे. मधल्या रकान्यात बघा.

पुढच्या भागात पुन्हा पुण्यात येतोय. पूना क्लबचं मैदान, रोलर, आणि बाळू.